फळ्यावरचा विसर्ग

दि. ४ ऑगस्ट
दौंड तालुका

सौ. ज्ञानेश्वरीताईस नवनाथचा नमस्कार.

इकडे आम्ही बरे आहोत. पावसानं आईचा गुडघा दुखतो, तेवढंच. दाजी आणि प्राची कशी आहेत? न्हावऱ्यात कांद्याची रोपं तगली का? फोन का केला नाही म्हणशील. फोनवर मी अडखळतो, आणि तू मधेच "मग पुढं?" म्हणतेस. कागदावर लिहिलं की शब्द तपासून बघता येतो.

समाजमंदिरातला क्लास चालू आहे. आठवीला सध्या मोठ्या संख्या दहाच्या घातात लिहायला शिकवतोय. पुस्तकातलं सूर्याचं अंतर कुणाच्या डोक्यात शिरेना, म्हणून मी आपत्ती घेतल्या. किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली, म्हणजे दहाचा चौथा घात. त्सुनामीत दोन लाखांच्या वर गेली, म्हणजे दोन गुणिले दहाचा पाचवा घात. वरचा इवलासा अंक एकानं वाढला की खाली दहापट होतं. हे सांगितलं की मुलं वहीत शून्यं मोजायची. जयसिंगदादांची गौतमी तेवढी म्हणाली, "सर, माणसं पण अशीच लिवायची का?" मी म्हणालो, संख्या कशाची आहे याच्याशी गणिताला घेणं नसतं.

मग नदी घेतली. धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं त्याचा मेसेज पावसाळ्यात रोज येतो. मुलं तो आकडा घातात करून बाहेरच्या फळ्यावर लिहितात. लाखाच्या आसपास विसर्ग गेला की आपल्या काठावरच्या पंपांच्या मोटारींना पुराचं पाणी लागतं, हे तुला माहीतच आहे. मी गावाला सोपं करून सांगितलं: घात चार असेल तर निवांत, पाच झाला की मोटारी वर काढा. लोकांना ते फार आवडलं. मेसेज वाचायचं सोडून गेणबा आबासुद्धा जाता-येता विचारायचे, "मास्तर, आज किती घात?" मी म्हणायचो चार, की ते म्हणायचे, "मंग झोपा निवांत."

मागच्या आठवड्यात पूर आला. पाच-सहा जणांच्या मोटारी गेल्या. जयसिंगदादा पहाटे मोटारीचा दोर ओढताना घसरले आणि पाय मोडला. दौंडला ऑपरेशन झालं. मुलीकडून फळ्यावर काहीतरी चुकलं, असं लोक म्हणतात. असो.

प्राचीला पाढे रोज म्हणायला लाव.

तुझा,
नवनाथ


दि. ९ ऑगस्ट

ताई,

काल तू फोनवर एकच विचारलंस, "पोरीचं चुकलं म्हणजे नेमकं काय चुकलं?" मी रेंज नाही म्हणून ठेवला. रेंज होती.

तिचं काही चुकलं नव्हतं. पुराच्या आदल्या संध्याकाळी मेसेज आला अठ्ठ्याण्णव हजारांचा. गौतमीनं फळ्यावर लिहिलं नऊ पूर्णांक आठ गुणिले दहाचा चौथा घात. अगदी बरोबर. लिहून झाल्यावर खडू हातात धरून ती तशीच उभी राहिली. म्हणाली, "सर, ह्यो जवळजवळ पाचच झाला की. लोक नुसता वरचा अंक बघत्यात. खाली लिवू का, मोटारी काढा म्हणून?"

मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम. चार म्हणजे चार. आणि फळ्यावर गिचमीड नको."

मला फळा नीटनेटका हवा होता, ताई. 'आसपास' हा शब्द मीच नियमातून काढून टाकला होता, कारण तो लिहायला बरा दिसत नाही.

गावानं चार वाचला आणि मोटारी काठावरच राहिल्या. सकाळी मोटार वाहून गेलेले पोपटराव सगळ्यांसमोर फळ्यापाशी उभे राहिले. "कुणी लिवलंय रं हे?" मी म्हणालो, "गौतमीनं." अक्षर तिचंच होतं. मी जे बोललो त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि तेच मला जास्त लागतंय. पोपटराव म्हणाले, "पोरीनं सख्ख्या बापाला बुडवलं की मग." मी ओलं फडकं घेतलं आणि फळा पुसला.

माझी बारावी राहिली, हे गावाला माहीत आहे. तरी लोक मला सर म्हणतात. नापास झालेला म्हणून माझ्याकडे पुन्हा कुणी बघू नये, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं. जयसिंगदादा तेव्हा टेम्पोत विव्हळत होते.

अजून एक राहिलं. ते लिहावं की नाही, म्हणून हा कागद दोनदा घडी करून ठेवला होता. मी संत्री घेऊन दवाखान्यात गेलो. गौतमी खाटेच्या पायथ्याशी उभी होती. मला बघून म्हणाली, "सर, माझीच चूक झाली. न इचारता लिवायला पायजे व्हतं खाली."

मी तिला म्हणालो, "असू दे."

मी तिला माफ करून आलो, ताई.

ती क्लासला येत नाही. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणार नाही म्हणते. तिची आजी, रंगुबाई, म्हणते की शिकून बापाचा पाय मोडला तेवढं पुरे. उद्या मी सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे. हे पत्र आजच टाकतो, म्हणजे तुझ्यापाशी तरी मला माघार घेता येणार नाही.

नवनाथ


दि. १० ऑगस्ट

चि. गौतमीस,

तू आतल्या खोलीचं दार उघडलं नाहीस. उघडावंस असं मी काही केलेलं नाही. म्हणून हे आजींकडे देऊन जातोय. तुला दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच लिहितो.

आज सकाळी मी तुझा आकडा होता तसा फळ्यावर पुन्हा लिहिला. शेजारी एक लाख लिहिला. दोन्हींत किती थोडा फरक आहे ते दाखवलं. तू काय विचारलं होतंस आणि मी काय उत्तर दिलं, ते शब्दासशब्द सांगितलं. पोपटराव म्हणाले, "म्हंजी इतके दिस पोरीला बोललो, ते फुकटच?" मी हो म्हणालो. "आन् तवा तुझं तोंड शिवलं व्हतं व्हय?" त्यालाही मी हो म्हणालो. गेणबा आबा उठून घरी गेले. क्लास ठेवायचा की बंद करायचा, ते अजून ठरलेलं नाही. जे ठरेल ते मला मान्य आहे.

मग तुमच्या घरी आलो. तुझे वडील ऐकताना प्लास्टरकडेच बघत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "मला नगं सांगू. तिला सांग."

तर तुला सांगतो. तू बरोबर लिहिलंस, आणि जे लिहू का म्हणून विचारलंस तेही बरोबर होतं. परवानगी मागणं ही तुझी चूक नव्हती. ती न देणं ही माझी होती. त्यानंतर जे केलं ते चुकून झालं नाही. ते मी समजून-उमजून केलं.

परीक्षेला बस. यवतच्या गिताबाई मॅडमशी मी बोललो आहे. शनिवार-रविवार त्या तुला गणित शिकवतील. त्या माझ्यापेक्षा चांगल्या शिकवतात. तुझं नाव काढलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "पाठवा." एसटीत सोबतीला आपल्या वर्गातली करिश्मा आहेच. आजींना मी विचारलं, त्या अजून हो म्हणालेल्या नाहीत. उद्या पुन्हा विचारीन. रोज विचारीन.

या चिठ्ठीचं उत्तर देऊ नकोस. मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच देऊ नकोस.

तुला 'असू दे' म्हणण्याचा ज्याला अधिकार नव्हता, तो
नवनाथ