परतताना बघू

अहो,

घटस्फोट झाला तरी हाक तीच येते, राहू दे.

आज एकटीच गाडी घेऊन निघाले. "परतताना बघू" म्हणत तुम्ही जे धबधबे मागे टाकायचात, त्या प्रत्येकापाशी थांबले. परतताना कायम अंधार पडलेला असायचा. खरं सांगायचं तर तिसऱ्या धबधब्याला कंटाळा आला. हे तुम्हाला कळता कामा नये, म्हणून पत्र पाठवणार नाही.

मग गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसले. गंधकाचा वास होता, पण उठवायला कोणी नव्हतं. बऱ्याच वेळाने माझ्याच तोंडून, अगदी तुमच्या सुरात निघालं, "चला, उशीर होतोय."

शेजारचे अनोळखी आजोबा मुकाट्याने पाय पुसून मोजे चढवू लागले. इतकी वर्षं मीही अशीच दिसत असणार.

त्यांना बसवून घेतलं. मीही बसून राहिले.

अजून पाय पाण्यातच असलेली,
मी