तारेला दात

ती. दाजींच्या पायी तासगावहून लालासाहेबाचा वाकून (उजवा पाय सध्या वाकत नाही, तेवढं सोडून) नमस्कार.

तुम्ही, ताई आणि नातवंडं खुशाल असावीत. हे दरवेळी लिहितो तसं लिहीत नाही, खरंच जीव टांगणीला लागलाय. फोन आहे, पण तुमचा आवाज ऐकला की माझं तोंड उघडत नाही, म्हणून चिठ्ठी देऊन आमच्या पोराला, यशराजला मुद्दाम कराडला पाठवलाय.

परवा आखाडाच्या जेवणाला तुम्ही मानानं बोलावलंत. ऐन पंगतीच्या वेळी मी परसातून लंगडत आलो आणि "कुंपणाची तार लागली" म्हणालो. तेवढ्यात अंकिताच्या नवऱ्यासाठी, म्हणजे नव्या जावयासाठी, राखलेली मटणाची नळी पातेल्यातून गायब झाल्याचा गलका झाला. ताईनं तुमच्या टिप्या कुत्र्याला काठीनं बडवलं, त्या गडबडीत माझा पाय कुणी नीट बघितला नाही. घरी येऊन मी जखमेत तिखट भरलं (आमच्या आज्ज्याचं औषध) आणि फौजेतलं अंग आहे, प्रतिकारशक्ती दांडगी आहे, असं सुनेला ऐकवून झोपलो.

सून डॉक्टर आहे हे मी लग्नात गावभर सांगितलं होतं, नेमकं तेव्हा विसरलो. राजेश्वरीनं सकाळी पट्टी सोडली आणि म्हणाली, "मामा, तारंला दात कवापासनं आलं?" दाजी, हवालदार होऊन रिटायर झालेला मी, सुनेपुढं मान खाली घालून "टिप्या" एवढंच बोललो.

मग साबणानं पाय धुता धुता तिनं मला फौजेच्याच भाषेत झापलं. कातडी म्हणजे कुंपण. ते फाटलं की आतले पहारेकरी धावतात. कोण, कुठला हे न विचारता दिसेल त्याला ठोकतात. (पाय सुजून लाल झालाय, ती त्यांचीच मारामारी. मी ती तिखटाची करामत समजत होतो.) पण पिसाळीचा (रेबीजचा) विषाणू त्यांना चुकवून नसांतून मेंदूकडे सरकतो. त्याला ओळखून गाठणारी दुसरी पलटण अंगात असते, फक्त तिला शत्रूचा चेहरा शिकायला वेळ लागतो. लस म्हणजे मेलेल्या शत्रूवर तिची कवायत. एकदा शिकली की बराच काळ ध्यानात ठेवते. ती तयार होईपर्यंत जखमेभोवती उसनी कुमक (तयार प्रतिपिंडं) टोचून घ्यायची. ती टोचताना मी जो आवाज काढला तो शेजारच्या बनुबाईंनीही ऐकला.

लाजेचा कळस पुढंच आहे. काल ताईचा फोन आला. "तुला लागली म्हनून ह्यांनी परसातली समदी तार उपटून टाकली बघ. टिप्या आता मोकळाच आसतोय, पोरं त्येच्यासंगट खेळत्यात." माझ्या एका थापेपायी तुमचं कुंपण गेलं.

तुमचा (तोंड दाखवायला जागा न उरलेला) मेहुणा,
लालासाहेब

ता. क. : खरं काम हे. पोरांना आत्ताच्या आत्ता बाजूला घ्या. टिप्याला लस दिली होती का ते यशराजला सांगा आणि दहा दिवस त्याला वेगळा बांधून नजर ठेवा. कुणाला ओरखडा जरी असला तरी साबणानं धुऊन लगेच दवाखाना, तिखट नको.

आणखी एक : टिप्याला मारू नका. नळी त्यानं खाल्लेली नाही. तो चावला तरी मी ती सोडली नव्हती.