फळ्यावरची बेगम

३ जून १९३१
आज फळ्यावर बादशहाचा वाढदिवस. सेक्रेटरी लीलाधर वकिलांचा हुकूम — वाचनालयाच्या दारात रोज ‘आजचा दिवस’ लिहायचा. लिहायचा कोणी? मी, ग्रंथपालाने! राहायचं बुऱ्हाणपुरात आणि बारशी लंडनची.

६ जून
शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक लिहिला. वकिलांनी पुसायला लावला. म्हणे, पोलीस येतील. घाबरट!

९ जून
बायकोला, मंगलाला, नववा लागला. मागच्या खेपेला मूल गेलं, तीही जाता जाता वाचली. भागाबाई सुईण म्हणते, काळजी नको. आमची खोली वाचनालयाच्या मागेच, म्हणून मी दिवसातून दहादा डोकावून येतो.

१५ जून
इंग्लंडच्या जॉन राजाने सनदेवर शिक्का मारला. सातशे सोळा वर्षांपूर्वी! शिपाई कडूने विचारलं, हा राजा आपला कोण लागतो. काय सांगू? कपाळ!

१६ जून
उद्या बरोबर तीनशे वर्षं — मुमताज बेगम इथे वारली, आपल्या गावात. पहिली कबर तापीपलीकडे जैनाबादला. ताजमहाल जगाला ठाऊक, बुऱ्हाणपूर कोणाला? वकील म्हणाले, मेल्याची गोष्ट नको, उद्या फळा कोरा राहू द्या. राहू द्या म्हणे! संध्याकाळीच ठळक अक्षरात लिहून आलो — ‘चौदाव्या बाळंतपणात बेगमचा येथेच अंत.’ घरी येऊन मंगलाला म्हणूनही दाखवलं. ती पाठ करून चुलीकडे वळली.

१७ जून
सकाळी फळा साफ पुसलेला! तडक वकिलांचं घर गाठलं. चार पक्षकारांसमोर त्यांना साहेबाचे भाट म्हणालो, किल्ल्या ओसरीवर आपटल्या. नको तुमची नोकरी!

त्यांनी किल्ल्या उचलल्या. मग म्हणाले, “वामनराव, काल दुपारपासून मी घराबाहेर पडलेलो नाही.”

घरी आलो. मंगलाच्या पदराला खडू.

“मीच पुसलं,” म्हणाली. “बाई बाळंतपणात मेली ते लिहिता, अन् वर मला ऐकवता. जरा फिकीर आहे का माझी तुम्हाला?”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीनशे वर्षं मोजली, हिचे दिवस मोजले नाहीत.

दुपारपासून कळा सुरू. भागाबाई आत. मी बाहेर, या वहीशी.

१८ जून
पहाटे मुलगी झाली. वकिलांनी किल्ल्या परत पाठवल्या, सोबत चिठ्ठी — आज वॉटर्लू, इंग्रजांच्या विजयाचा दिवस. फळा कोराच ठेवला. मंगला पेज मागते आहे.