टायरवरचे चार आकडे

धाकट्या,

तुझ्या जुन्या स्पोर्ट्स कारचे चारही नवे टायर मी सकाळी सुरीने चिरलेत, चोर शोधत बसू नकोस. टायरवरच्या चार आकड्यांत तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं. हे चौदा वर्षांपूर्वीचे निघाले; न वापरताही रबर आतून विरतं. बाबांच्या गाडीचेही असेच नवे दिसायचे, फुटून बाबा गेले तोपर्यंत.

मग दुकानात जाऊन दुकानदाराला चाकाच्या पान्याने बदडला. तो रडत म्हणाला, "मी वय सांगितलं होतं. तुमचा भाऊच म्हणाला, चालतील, फक्त ताईला कळू देऊ नका." तरी आणखी दोन हाणले, हात थांबेना.

आता चौकीत हजर व्हायला चाललेय. दूध तापवलंय.

ते शेवटचे दोन तुझ्या वाट्याचे होते. सुटून आले की तुझे तुला देईन.

ताई