दोघांची घडीची होडी

अहो,

इतक्या लांबून वाकलेलं दिसायचं नाही, पण नमस्कार केला असं समजा.

मी इथे लेकाकडे मजेत आहे. सूनबाई लिहून घेतेय. मला लिहिता आलं असतं तर पुढचं तिच्या कानावर जाऊ दिलं नसतं.

खांदा धरल्यावर तुम्हाला लाकडी होडी उचलवेना, म्हणून तुम्ही पिशवीत मावणारी घडीची घेऊ म्हणालात. मी चारचौघांत बोलले, "घडी चादरीची घालतात, होडीची नाही!" सगळे हसले. तुम्हीही हसलात, पण परत पाण्यावर गेला नाहीत. चुकलंच माझं.

काल तसली होडी बघायला गेलो. दुकानदाराने पिशवीतून काढून दहा मिनिटांत उभी केली. म्हणाला, "आजी, एकट्याची घ्या. दोघांची जड पडेल." मी दोघांच्याच होडीची पिशवी पाठीला लावून त्याच्या दुकानाच्या चार पायऱ्या चढून दाखवल्या आणि तीच घेतली. सूनबाई अजून रागावलेली आहे.

तुम्ही दर वेळी "चल" म्हणायचात, मी स्वयंपाकाचं निमित्त काढायची. खरं तर पाण्याची भीती वाटायची.

खांदा शेकताय ना? होडी पाण्यापर्यंत मी नेईन. तुम्ही फक्त अजून एकदा "चल" म्हणा.

तुमचीच
(खालचा अंगठा माझाच)