पाटी लावलेला वाफा

निघोजे. रविवार संध्याकाळ, संक्रांत चार दिवसांवर.

आज भावजींच्या वाफ्यातलं पहिलं मूळ निघालं. वर्षभर नुसतं कौतुक! कंपनीतल्या जर्मन साहेबानं दिलेलं हॉर्सरॅडिश म्हणे, त्यांच्याकडचा तिखट मुळा. कंपनीत स्क्रूच्या डब्यालाही पाटी असते, म्हणून घरच्या वाफ्यालाही पाटी. जन्मभर कांदा काढलेल्या घराला मूळ ओळखायला पाटी लागते? मी तेव्हाच म्हटलं होतं, ह्यात काही दम नाही. आणि निघालं काय, तर अंगठ्याएवढं वाकडं मूळ. पानं मात्र हातभर.

“वहिनी, हे कच्चंच किसायचं. शिजवलं की सगळा झणका जातो,” त्यांनी दोनदा सांगितलं. मला स्वयंपाक शिकवतात! मी आमटीच्या फोडणीत टाकलं, चांगलं परतून. मुद्दामच. इथं तरी खोटं कशाला लिहू?

दुपारी जेवताना सासरे म्हणाले, “ह्याला तर कायबी चव न्हाई रं!” सगळे हसले. मीही हसले. भावजी खाली मान घालून जेवले.

नंतर ओट्यावर राहिलेला कच्चा तुकडा किसून जिभेवर ठेवला. झणका थेट नाकात गेला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. एवढं जहाल! तेवढ्यात भावजी पाणी प्यायला आले. मी पटकन पदरानं डोळे पुसले.

“वहिनी, तुमचंच बरोबर होतं,” ते म्हणाले. “उरलेलंही उद्या उपटून टाकतो.”

आणि मी काय म्हणावं? “टाका. मेथी लावते तिथं.”

पाटी त्यांनी आजच काढली.