तीन भारांची ताई

२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोमवारी सकाळी देवाला हात जोडून शाळेत गेलो आणि अकरावीच्या फळ्यावर तुझं चित्र काढलं. रागावू नकोस, नुसता गोलच होता.

धडा होता आयनिक संयुगांतल्या सहसंयुज गुणाचा. मुलांना वाटतं, एका अणूनं इलेक्ट्रॉन दिला, दुसऱ्यानं घेतला, व्यवहार मिटला. तसा तो पुरता कधीच मिटत नाही. देणारा छोटा आणि जास्त भाराचा असला, घेणारा ऐसपैस आणि मऊ असला, तर देणारा दिलेलंही आपल्याकडे ओढत राहतो. घेणाऱ्याचं पोट त्या बाजूला फुगतं. मग दिलेलं धड याचं नाही, धड त्याचं नाही. थोडं दोघांचंच राहतं.

मुलांच्या डोक्यावरून गेलं. मग तुझ्या आरामखुर्चीचं सांगितलं. तू ती मला कायमची दिलीस, आणि दर पत्रात विचारतेस: उन्हात ठेवत नाहीस ना, हातावर कप ठेवत नाहीस ना, पाय वर घेऊन बसत नाहीस ना. (मी तिन्ही करतो.) वर्ग खदखदून हसला. छोटा गोल तू, ॲल्युमिनियम, तुझ्यावर तीन भार. मोठा गोल मी. तो काढताना खडू संपला.

भावोजी गेल्यापासून एकटी राहतेस. इकडे कायमची ये, हे पुन्हा लिहितो. परीक्षा आटपल्या की घ्यायला येतोच.

लोभ माझ्यावर असावा, खुर्चीवर नको.

तुझा
ढब्बू


९ डिसेंबर

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद. (रागात आहे, पण हात आपोआप लिहून गेला.)

ॲल्युमिनियम म्हणालास, म्हणजे पातेलं. तेही सोसलं. उंचीवरून तू मला चड्डीत होतास तेव्हापासून चिडवतोस. पण भार? आणि तोही एक नाही, तीन?

शेजारच्या शिंपीणबाईंना पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, शिकलेली माणसं असंच गोल गोल बोलतात, अर्थ आपण समजून घ्यायचा. घेतला. पेटी भरून तुझ्या परीक्षा संपायची वाट बघत होते. त्या का संपत नाहीत ते आता कळलं. अजून आले नाही तर तीन भार, आल्यावर किती होतील?

पेटी रिकामी केली. मी येणार नाही. आणि माझी खुर्ची परत पाठव. पाय वर घेऊन बसतोस म्हणे!

लोभ करीन, पण इथूनच.

तुझी
ताई


१७ डिसेंबर

ती. ताईस,
नमस्कार. साष्टांग घालायला इथे जागा नाही.

अगं, भार म्हणजे ओझं नव्हे! विजेचा भार, ओढून घेण्याची ताकद. ती तुझ्यात तिप्पट आहे, एवढंच म्हणालो. पण चूक माझीच. रोज सकाळी देवाला म्हणतो, सगळा भार तुझ्यावर. तिथे भार म्हणजे ओझंच की. मग तू दुसरं काय समजणार? ही म्हणाली, रसायन आलं, आता जरा मराठीही शिका.

परीक्षा केव्हाच संपल्या होत्या. तुझ्यासाठी ठरवलेल्या खोलीत माझी रद्दी आणि रिकाम्या बाटल्या छताला टेकल्या होत्या. आज काढू, उद्या काढू चाललं होतं. सगळं काढलं. खिडकीशी फक्त एका खुर्चीची जागा रिकामी आहे.

खुर्ची परत पाठव म्हणालीस, म्हणून आणली आहे. टेम्पोवाला म्हणाला, पुढे तुम्ही मावणार नाही. म्हणून मागे तिच्यातच बसून आलो. पाय खाली ठेवले होते, शपथ. हे पत्र त्याच्याच हाती वर पाठवतो आहे. स्वतः आलो असतो, पण खुर्चीच्या दोन हातांत अडकलो आहे, निघतच नाही. तेव्हा खुर्ची हवी असेल तर माझ्यासकट घ्यावी लागेल. हवं तर गॅलरीतून बघ.

पेटी पुन्हा भर आणि खाली येऊन मला ओढून काढ. तुझ्याशिवाय कुणाच्यानं होणार नाही. जाताना खुर्चीत तू बस. मी पेटीवर बसेन. पेटी मजबूत आहे ना?

लोभ आहे हे माहीत आहे, म्हणून तर घ्यायला आलो.

तुझा, खाली टेम्पोत,
ढब्बू